आईचा हरवलेला नवस

प्रिय तोंग,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोन लावला की आई शेजारी येऊन बसते, आणि तू तिकडून 'हं, हं, ताई, गिऱ्हाईकं आलीत' म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुझा निरोप मिळाला. 'आई बँकॉकला आलीच आहे तर तिला जरा फिरव, चांगलंचुंगलं खाऊ घाल, मजा करू दे.' वा रे वा! मेलबर्नला बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय? बाबा रे, मी तिला फिरवत नाहीये, ती मला फिरवतेय. माझ्या टाचांना फोड आलेत, ऑफिसातली रजा संपत आलीय, आणि उकडलेलं अंडं नुसतं दिसलं तरी मी रस्ता बदलते.

सगळं सुरू झालं तुझ्या मनगटापासून. त्या दिवशी तू फोनवर प्लास्टर दाखवलंस, हॉटेलच्या स्वयंपाकघरात तेलावरून पाय घसरला म्हणालास आणि हसून विषय संपवलास. तू संपवलास, आईने नाही. दुसऱ्याच दिवशी नाखोन सावानहून बस धरून ती माझ्या दारात हजर. चपला काढायच्या आधीच म्हणाली, तोंगचा नवस फेडायचा राहिलाय, देव आता वसुलीला लागलाय. आज मनगट घेतलं, उद्या काय घेईल कुणास ठाऊक. तुला तो नवस आठवायचं कारण नाही, तू तेव्हा बेशुद्ध होतास. सोंगक्रानच्या, आपल्या नव्या वर्षाच्या सुट्टीत तू मोटारसायकल ट्रकवर घातलीस, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी हात टेकले, आणि आई नवस बोलली. तू उठलास, चालायला लागलास, पुढे परदेशी गेलास. नवस राहिला तसाच. दर नव्या वर्षाला मी म्हणायचे, आई, एकदा फेडून मोकळी हो. ती म्हणायची, तोंग आला की फेडू. आणि तू काही आला नाहीस.

मी म्हटलं, चल, एका दिवसाचं तर काम आहे. कुठल्या देवाला बोलली होतीस? तिला आठवेना. आता मला सांग, असा घोटाळा आपल्या आईशिवाय कोण करील? त्या दिवसांत तिने या शहरातला एक देव सोडला नव्हता. जो दिसेल त्याच्यापुढे हात जोडत सुटली होती. काही ठिकाणी नुसता नमस्कार केला, एका ठिकाणी नवस बोलली, पण ते एक ठिकाण कोणतं आणि काय बोलली, हेच गायब. माझं डोकं फिरलं. तिचं म्हणणं साधं होतं: सगळीकडे फेडू, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.

मग आमची वरात निघाली. आधी मोठ्या चौकातला चार तोंडांचा ब्रह्मदेव. तिथे नवसाचं नाचणाऱ्या बायकांना पैसे दिले. त्यांनी विचारलं कुणाच्या नावाने नाचू, तर आईने तुझं नाव, बाबांचं नाव, गाव, घर नंबर असं सगळं सांगायला घेतलं. शेजारचे परदेशी पाहुणे फोटो काढत होते आणि मी खांबामागे तोंड लपवत होते. मग नगरदेवता. तिथे परातभर उकडलेली अंडी. मग गणपती, त्याला केळी आणि ऊस. गणपतीपाशी आई बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, हा नव्हे, हा इतकी वर्षं ताणून धरणारा नाही. उदबत्ती विझली की नैवेद्य परत उचलायचा आणि खाऊन संपवायचा, टाकायचा नाही, ही तिची शिस्त तुला माहीत आहेच. ती अंडी मी सकाळी खाल्ली, दुपारी खाल्ली, ऑफिसात वाटली. आमच्या इमारतीचा वॉचमन आता मला बघून दुसरीकडे बघतो.

आणि खाणं! देव झाला की खाणं, खाणं झालं की देव. यावारातच्या चिनी पेठेत कालवांचं ऑम्लेट खायला बसलो तर आईने बशीतली कालवं चमच्याने मोजून त्या चिनी दुकानदाराला ऐकवलं की पूर्वी तुझ्या बापाचा हात सढळ होता. तो तव्यावरून मान न उचलता म्हणाला, मावशी, पूर्वी समुद्रही सढळ होता. वर मूठभर कालवं तिच्या बशीत टाकली. तरी पुढच्या गल्लीपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालूच. आंबा आणि चिकट भात खाल्ला, तर म्हणे नारळाच्या दुधात मीठ कमी. कालव्याकाठच्या वाटीभर नूडल्सवर नाक मुरडलं. नावं सगळ्यांना ठेवायची, आणि निघताना एक पुडा बांधून घ्यायचा. प्रत्येक ठिकाणी. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, राहू दे, तोंगला आवडतं. मला वाटलं, म्हणायची सवय असते आयांना. मी हसून म्हटलं, मेलबर्नला पोचेपर्यंत आंबेल गं. तिने पुड्याची गाठ आणखी घट्ट केली. माझ्या फ्रिजचं दार लागेना झालं.

परवा भर दुपारी धक्क्यावर बोटीची वाट बघताना माझा बांध फुटला. ऊन असं की डोळे उघडवेनात, आणि ही म्हणतेय, ब्रह्मदेवाकडे परत जाऊ, नाचणारीने नाव चुकीचं घेतलं असावं. ओरडले मी. ओरडणारच. म्हटलं, आई, आता त्या देवांनाच विचार कुणाचं देणं आहे ते, त्यांना तरी आठवत असेल! बोट आली तशी ती बोटीत बसली, पाणी उडू नये म्हणून प्लॅस्टिकचा पडदा हातात धरून. मी पण तोंड फिरवून बसले.

मधल्याच एका धक्क्यावर ती उठली आणि मला न विचारता उतरली. मी मागे धावले. एका बोळात शिरली, वळली, पुन्हा वळली, आणि बदकाच्या नूडल्सच्या दुकानात जाऊन भिंतीकडच्या स्टुलावर बसली. जणू रोजचंच. तेच दुकान, तोंग, हॉस्पिटलच्या मागचं, जिथे ती तुझ्या अपघाताच्या वेळेला रोज जेवायची. देव आठवला नाही, पण रस्सा बरोबर आठवला. आता ते तेव्हाच्या मालकीणबाईंची नात चालवते. आईने व्हिनेगरातली मिरची स्वतः घातली, वाटी तळापर्यंत संपवली आणि पहिल्यांदाच नाव ठेवलं नाही. एक पुडा बांधून घेतला. हात धुतले आणि सरळ डावीकडे वळली.

कालव्याच्या कडेला एक जुनं झाड आहे. बुंध्याला रंगीत पट्टे, फांद्यांवर देवीसाठी टांगलेली रेशमी वस्त्रं, खाली लाल सरबताच्या बाटल्या. आई गुडघ्यांवर बसली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "आई देवी, माझ्या तोंगला उठव. तो उठला की मी त्याला तुझ्यापुढे आणीन, त्याच्या पायांनी चालवत आणीन. त्याच्या हातानं तुला वस्त्र देईन."

म्हणून ती दर वर्षी तू आलास की फेडू म्हणायची. मला रडूच आलं. म्हटलं, सापडला गं, आई, सापडला! मला वाटलं ती जुना नवस आठवून म्हणून दाखवतेय. ती उठली, गुडघे झटकले आणि माझा हात ओढत म्हणाली, "चल लवकर. भेटायची वेळ संपेल. नूडल्स गार झाले तर तो खायचा नाही."

मी विचारलं, "कुणाला भेटायची?"

"तोंगला. आणि कुणाला?"

आणि ती हॉस्पिटलच्या फाटकाकडे चालायला लागली. रखवालदाराला सांगितलं, माझा मुलगा तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन घास देऊन लगेच येते. त्याने माझ्याकडे बघितलं. मीच मग आज वेळ संपली, उद्या येऊ, असं सांगून तिला घरी आणलं. संध्याकाळी ती अगदी ठीक होती. तुला फोन लावून मनगटाची चौकशी केली, आठवतंय? तेव्हा मी फ्रिज उघडून ते सगळे पुडे बघत उभी होते.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, तिच्या आठवणींची अशी ये-जा होत राहील, आणि हळूहळू जाणंच वाढेल. म्हणून हे पत्र, तोंग. तिकीट, रजा, तुझा मालक, सगळं मला पाठ आहे, परत सांगू नकोस. तुझ्या वतीने मी फेडते म्हटलं तर ती ऐकत नाही, आणि या एका बाबतीत तिचं बरोबर आहे. तू ये. आलास की आधी घरी येऊ नकोस, त्या झाडापाशी ये. मी तिला नूडल्स खायला घालून तिथे आणते. तू कालव्याच्या टोकापासून चालत ये, सावकाश, तिला नीट दिसशील असा. तोवर प्लास्टर निघालं नसेल तरी असू दे. तिने तुझे पाय मागितले होते, मनगट नाही.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच
जियाप ताई