मयत शिपायाचं पदक

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

कवठे महांकाळ,
ता. २४ नोव्हेंबर १९४६

चि. आप्पास कोंडीबामामाचे अ. उ. आशीर्वाद.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तू साताऱ्याला मास्तर झाल्यापासून पोरांच्या पाट्या तपासतोस आणि मामाच्या कागदाला उत्तर द्यायचं विसरतोस, म्हणून या खेपेस कामाचंच लिहितो. म्हणजे तरी उत्तर येईल. पोरगा आकाराम दिवाळी झाल्यावर मेंढरं घेऊन घाटाच्या वाटेला लागला. माझे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी घर राखत बसलोय. बाजरी बरी आली.

मागल्या महिन्यात जुन्या शिपायांच्या मेळाव्यासाठी मी तुमच्याकडं आलो होतो. तिथं काय झालं ते तुला सांगितलं नाही. रात्री अर्ध्या ताटावरून उठलो, तर तुझ्या आईला, बनूला वाटलं आमटी तिखट झाली. झालं ते असं. छातीवर पदक असलेल्यांना पुढं खुर्च्या होत्या. मीही गेलो. या लढाईतून नुकताच सुटून आलेला एक पोरगा दारात होता. आजोबा, ही जागा शिपायांची हाय, तुमी तिकडं लोकांत बसा, असं तो अगदी अदबीनं म्हणाला. त्याचं काय चुकलं? माझ्या सदऱ्यावर गुंड्याच तेवढ्या होत्या. मी लोकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागं उभा राहिलो आणि पुढच्या खुर्चीत कोण बसलेलं दिसलं, तर मलकापूरचा हंबीरराव.

पदकासाठी सरकारात अर्ज तूच लिहायचास, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. हंबीरराव आणि मी मागल्या मोठ्या लढाईत एका पलटणीत, एका ताटात जेवणारे. बसऱ्याच्या वरच्या अंगाला तो जखमी होऊन परत आला आणि मी तुर्कांच्या कैदेत गेलो. सुटल्यावर बरेच दिवस दवाखान्यात होतो, मग बसऱ्यालाच रेल्वेत काम धरलं. दोन पत्रं धाडली, पण आपली माणसं मेंढरांमागं, गावात पत्र घेणार कोण? इकडं मी मेलो असं कळलं आणि घरच्यांनी माझा दहावाही केला. मी घरी आलो तो लढाई संपून पाच-सहा वर्षांनी.

त्याआधी आपल्या भागातल्या शिपायांची पदकं गावोगाव वाटायला हंबीररावच फिरला होता. माझं कुठं आहे म्हणून त्याला विचारलं, तर तुज्या आयेच्या हातात दिलं, म्हणाला. आईला विचारलं. ती म्हणाली, मला कोणी काही दिलं नाही. आता सांग, मी आईचं खरं मानू की हंबीररावाचं? त्या दिवसापासून त्याचं तोंड बघितलं नाही, आणि चारचौघांत त्याला चोर म्हणायला कमीही केलं नाही.

अर्जात दोन गोष्टी येऊ देत. कोंडीबा जिवंत आहे, ही एक. आणि त्याचं पदक हंबीररावानं दाबलं, ही दुसरी. नाव स्पष्ट घाल. बनूला आशीर्वाद सांग. तुझ्या पोरीला मामा-आजोबानं विचारलंय म्हणावं.

तुझा,
कोंडीबामामा


सातारा,
ता. १५ डिसेंबर १९४६

ति. मामांच्या चरणी आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मेळाव्याचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही त्या दिवशी गप्प होतात तेव्हाच मी विचारायला हवं होतं. आमटीला मात्र दोष देऊ नये, ती चांगली झाली होती.

पलटणीच्या दप्तराला मी लगेच लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. मामा, मन घट्ट करून ऐका: तुम्ही तीस वर्षांपूर्वी कैदेत वारलात. तुमच्याच नावाचा कुणी दुसरा गेला असेल आणि तो तुमच्या नावावर पडला असेल, असं दिसतं. पुढं लिहिलंय की मयताचं पदक वारसाला पोचतं केलं. जिवंत असल्याचा गावच्या पाटलाचा दाखला पाठवा, म्हणजे ते दुरुस्ती करतील. तोवर मेलेल्या माणसाची सही कशी चालणार, हा त्या कारकुनासमोर पेचच आहे. दाखला लवकर घ्या, नाहीतर तुमचे आशीर्वाद मला लागू पडतात की नाही याचीच शंका यायची.

हंबीररावांचं नाव घालण्याबद्दल मात्र थोडं थांबावं असं वाटतं. सरकारी कागदात चोर म्हणून एकदा नाव गेलं की चौकशी होणार, जबाब होणार. ते आता साठीला आले. नाताळच्या सुटीत मी मलकापूरला जाऊन त्यांची बाजू ऐकून येतो, मग तुम्ही म्हणाल तसं करीन.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता मध्येच उठून गेली. मग म्हणाली की दादाला म्हणावं, ते खूळ सोड, पदक काय ऊन करतं की सावली. दिवसभर तिचं कशात चित्त नव्हतं. तुम्हाला त्रास होतो तो तिला बघवत नसावा. आपला लोभ या घरावर असतोच, तो उणा होऊ देऊ नये.

आपला,
आप्पा


कवठे महांकाळ,
ता. २२ डिसेंबर १९४६

चि. आप्पास आशीर्वाद.

पाटलानं दाखला दिला, सोबत धाडतोय. माणूस समोर उभा असताना हा जिवंत आहे असं लिहिताना तो इतका हसला की दौत सांडली. मी हसलो नाही.

मलकापूरला जायचं तर जा, पण त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. तो खरा ठरला तर माझी आई खोटी ठरते, हे ध्यानात ठेव. ती माऊली मी परत आल्यावर महिनाभर मला उंबऱ्याबाहेर एकट्याला जाऊ देत नव्हती. मी निजलो की श्वास चालतो का बघायला यायची. तिनं मला फसवलं असं मला कुणी सांगितलेलं चालणार नाही, तूसुद्धा नाही. बनूला म्हणावं, ऊन-सावलीचं मला शिकवू नकोस. लोकांत उभं राहावं लागलं ते मला.

तुमचं सगळ्यांचं भलं होवो.

कोंडीबामामा


सातारा,
ता. ५ जानेवारी १९४७

ति. मामांस आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सावकाश, बसून वाचा. काळजीचं काही नाही, पण उभ्यानं वाचण्यासारखंही नाही.

मलकापूरला गेलो. हंबीररावांनी मला ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं, मी कशासाठी आलो ते ऐकून घेतलं आणि जराही चिडले नाहीत. ते म्हणाले, कोंडीबाच्या आयेच्या पदरात मी ते घातलं. ती रडली न्हाई, नुसती हुभी राहिली. तिची लेक शेजारी हुती, कडंवर तान्हं पोर. मी हिशेब केला. ते तान्हं पोर म्हणजे मीच.

घरी येऊन आईला विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं हंबीररावांना बोलावून आणायला सांगितलं. ते आले आणि आईनं आम्हा दोघांना देव्हाऱ्यापुढं बसवलं. मामा, रोज अंघोळ झाली की मीच देव धुतो. बिरोबा, खंडोबा, आणि गेलेल्या पूर्वजांच्या मूर्ती ठोकलेले टाक. त्यात एक चांदीचा टाक जरा जाड आहे. तो कुणाचा म्हणून मी कधी विचारलं नाही. तुम्ही आलात की आई देव्हाऱ्याला पडदा लावते, त्याचंही मला कधी नवल वाटलं नाही. पुढचं ती सांगते तसं लिहितो, शब्द तिचेच.

दादा, तुजं पदक ह्येच हाय. हंबीररावदादांनी दिलं तवा आय म्हनली, माज्या लेकाची राख न्हाई आली, हाड न्हाई आलं, येवढी चांदीच तेवढी घरी आली. मग टाक दुसऱ्या चांदीचा कशापायी करायचा? तिनं सोनाराकडनं त्येच वितळवून तुजा टाक करून घेतला आन् देवात बसवला. रोज तुला पानी घालायची, भंडारा लावायची. मग तू चालत दारात आलास. जित्या लेकाचा टाक घरात ठेवावा कसा? आन् पान्यात सोडावा तर लेकाला बुडवल्यावानी हुतंय. तिनं त्यो माज्या वटीत घातला आन् म्हनली, तुज्या घरी ने, पूजा चुकवू नगंस. पर त्येला दावायचा न्हाई, सांगायचा न्हाई. जितेपनी ज्यानं आपला टाक बघितला त्यो वाचत न्हाई, आसं तिच्या मनानं घेतलं हुतं. बिरुबाची आन घातली. म्हनून तू इचारल्यावर ती न्हाई म्हनली. तुला फसवाया न्हाई, राखाया. मी बी गप ऱ्हायले. हंबीररावदादांना तू चोर म्हनत हुतास, मला कळत हुतं, पर दादा, एका अंगाला त्येंची अब्रू आन् दुसऱ्या अंगाला तुजा जीव, मी काय करायचं? आता सरकारात नाव जानार म्हनल्यावर मातर ऱ्हावलं न्हाई. बिरुबा मला काय करील ती करू दे. तुला काय हुऊ नगं.

एवढं सांगून ती स्वयंपाकघरात गेली. हंबीररावांनी टाकाला भंडारा लावला आणि पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. माझ्यावर इतकी वर्षं चोरीचा आळ होता हे तुझ्या मामाला कळव, असं काही ते म्हणतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले की कोंडीबाला हे समदं एकदम सांगू नगासा, दमानं सांगा. मला दमानं सांगता आलेलं नाही, त्याची माफी असावी.

आता दप्तराचं. तुमच्या नावापुढचा मयत हा शब्द त्यांनी खोडला. पदकाबद्दल त्यांनी धाडलेल्या कागदात एक जागा रिकामी आहे: मिळालं की नाही? हरवलं असं शपथेवर लिहून दिलं तर नवं पदक काढून देता येईल. पुढच्या मेळाव्यात तुम्हाला खुर्ची मिळेल. त्या जागी काय लिहू ते कळवावं. आई तुमच्या पत्राची वाट बघत दारात बसते. रागावला असाल तर तेही लिहा, पण लिहा.

आपला,
आप्पा


मलकापूर,
ता. १६ जानेवारी १९४७

चि. आप्पा व चि. बनू यांस कोंडीबाचे अ. उ. आशीर्वाद.

वर गावाचं नाव वाचलंत ना? बरोबर वाचलंत.

तुमचं पत्र मी बसूनच वाचलं. बनू, मी रागावलो नाही. पहिले दोन दिवस रागावलो होतो, पण कुणावर ते ठरेना. तू आजवर माझी पूजा करत आलीस आणि मी तुझ्या आमटीला नावं ठेवत आलो. आईचं मात्र राहून राहून मनात येतं. मी तिच्यासमोर जेवत असायचो, कुरकुरत असायचो, आणि तिच्या पोटात हे. कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या तोंडाकडं बघत बसायची ते काय बघत होती, ते आता कळलं, आणि आता ती नाही. मी रडलो. आकारामच्या बायकोला वाटलं, कोणी गेलं.

मग इथं आलो. वाटेत पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. हंबीरराव ओट्यावरच होता. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो, तर गुडघ्यांनी दगा दिला आणि तिथंच बसलो. तोही माझ्याशेजारी खाली बसला. म्हणाला, गड्या, लय येळ लावलास. मी म्हणालो, माझं चुकलं. तो म्हणाला, व्हय, चुकलं. बाकी काही नाही. संध्याकाळी चावडीसमोर लोक जमले होते, तिथं मी मोठ्यानं सांगितलं की हा माणूस चोर नाही, मी खोटा आळ घेतला. तेव्हा तोच मला गप्प बसवत होता. पण गावात म्हटलेलं गावातच परत घ्यायला हवं होतं. कवठ्यालाही जाऊन सांगणार आहे.

काल त्याला विचारलं, टाकावर मी दिसतो कसा. आधी सांगेना, आईची शपथ मोडेल म्हणाला. मी म्हणालो, बघायला बंदी आहे, ऐकायला नाही. तर सोनारानं मला घोड्यावर बसवलंय, हातात तलवार. हंबीरराव हसून हसून लोळायचा राहिला. आम्ही पायदळातले, जन्मात खोगिराला हात लावला नाही. आई सोनाराला म्हणाली असेल, माझा लेक कसा होता ते विचारू नकोस, चांगला काढ. तो बघायचा मोह मला होतो. आई म्हणाली ते खरं की खोटं मी सांगू शकत नाही. पण तिनं मरेपर्यंत जे माझ्या नजरेआड ठेवलं, ते मी बघणार नाही. बनू, पडदा लावत जा. पूजा चुकवू नकोस. मी खरंच जाईन तेव्हा नवा टाक करायचा नाही, हे आकारामला सांगून ठेवलंय.

आप्पा, नवं पदक नको. हरवलं नाही ते हरवलं म्हणून मी शपथ कशी घेऊ? मेळाव्याला मी येईन आणि दोरीमागं उभा राहीन. हंबीररावाला सांगितलं, तर तो म्हणाला, मग मी बी तितंच हुभा ऱ्हातो. ऐकत नाही. दप्तरानं ती जागा रिकामी ठेवली आहे ना? तिथं सुवाच्य अक्षरात लिही: पदक मिळालं. हवालदार हंबीरराव यांनी स्वतः आणून आईच्या हातात दिलं.

दोघांनीही जीवाला जपा, आणि या म्हाताऱ्यावर माया ठेवा.

तुमचा,
कोंडीबा