डाव्या हातावरची कोरी जागा

१४ जानेवारी १९६२, संक्रांत

जेवताना नामदेव म्हणाला, "माय, यंदा कळंबच्या जत्रेत बसू नको."

घास गिळला, मग विचारलं, काहून? तर म्हणे चंदासाठी नागपूरचं स्थळ आलं. पोरगा सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या आत्याले रस्त्यावर गोंदत बसणारी आजी चालत नाही. आणि पोरीचं अंग कोरं पाहिजे. एक ठिपका नको.

मी म्हटलं, "नामदेवा, यवतमाळात तुह्या पाट्यांवरची वेल नावाजतात. ती कुठून उचलली? दूध पितापिता माह्या मनगटावर पाहिली तू. टॉकीजच्या बोर्डावर चालते, किराण्याच्या पाटीवर चालते, माह्या हातावर काहून नाही चालत?"

हात धुवाले उठला. तिळगूळ ताटातच.

१६ जानेवारी

चंदा म्हणते, रोज चार ओळी लिही आजी, नाहीतर अक्षर वळण सोडते. तिनंच शिकवलं. आधी बाया विंचू मागत, तुळस मागत. मग नवऱ्याचं नाव मागू लागल्या, त्याले अक्षर लागते. मी शाळेतून बिगरीतच उठलेली. नातीच्या पाटीवर नातीजवळ बसून शिकली, म्हातारपणी. सुनेचं नाव कौसल्या. जोडाक्षरात हात अडकते, पुढं कौ. लिहीन.

२० जानेवारी

कौ.नं लौकी चिराले घेतली अन् हाक मारली, "आत्याबाई, या लौकीवर मोर आहे."

खरंच मोर. सालीत सुईनं टोचून काजळ भरलेलं. कोवळ्या लौकीची साल बाईच्या दंडासारखी लागते, मीही तिच्यावरच हात बसवला होता. कौ. माह्याकडं अशी पाहून राह्यली जसं मीच पोट्टीले शिकवलं. मी नाही शिकवलं. चंदानं माह्या डब्यातल्या तीन जुन्या सुया काढून काडीले बांधल्या. कोणाले विचारलं नाही.

कौ.नं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत माहेरचं गोंदण. "मी पाच वर्षांची होती. चौघींनी धरलं होतं. मले विचारलं होतं का कोणी?"

बरोबर बोलली. तोंडावर कबूल केलं नाही.

साल शेळीले टाकली. मोराची मान चांगली उतरली होती. पाय कोंबडीचे.

२१ जानेवारी

चंदाले समोर बसवून सांगून टाकलं. आमच्यात शिकणारीनं पहिलं गोंदण शिकवणारीच्या अंगावर काढायचं. हात चुकला तर ते शिकवणारीनं जन्मभर वागवायचं, परक्या बाईनं नाही. माह्या मायच्या कोपरावर माहा पहिला विंचू होता, वाकड्या नांगीचा. तो घेऊनच गेली.

माह्या अंगावर आता एकच जागा कोरी, डाव्या हाताले कोपराखाली. जत्रेत बाया विचारतात, इथं काहून नाही? म्हणते, ठेवली आहे. पोरगी झाली नाही. सुनेनं सुईले बोट लावलं नाही. जागा तशीच सुरकुतली.

दुसरं, कोऱ्या हाताकडून कोणी गोंदून घेत नाही. जिच्या अंगाले सुई लागली नाही तिले दुसरीचं दुखणं काय समजते? म्हणजे सुई पाहिजे तर हात भरावा लागते. नागपूर पाहिजे तर कोरा ठेवावा लागते.

"तू काय म्हणते आजी?"

"मी काही म्हणत नाही. कातडं तुहं आहे. माहं नाही, तुह्या बापाचं नाही, त्या नागपूरच्या आत्याचंही नाही."

रुसून गेली. तिले उत्तर आयतं पाहिजे होतं.

२९ जानेवारी

जिकडंतिकडं अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येऊन राह्यले, पाच तारखेपर्यंत जग बुडते म्हणे. इलेक्शनच्या पाट्या बाजूले ठेवून नामदेव होमाचे फलक रंगवते. बुडणाऱ्या जगालेही वेलबुट्टी पाहिजे. माहीच वेल.

नागपूरचा निरोप आला. पोरगी पाहाले येतो, पण पाच तारीख जाऊ द्या. मी कौ.ले म्हटलं, "हुशार लोकं आहेत. बुडायचंच आहे तर गाडीभाडं कायले घालवा?" कौ. पदराआड हसली. स्थळ तिले पाहिजे, तरी हसली.

१ फेब्रुवारी

दारात बायाच बाया. डोरलं इथं राहते, पाटल्या इथं राहतात, गोंदण तेवढं संग जाते. हे माहीत सगळ्यांले, आठवलं आत्ता. मले जत्रेत जाऊ नको म्हटलं तर जत्रा ओसरीवर आली. नामदेवानं गुपचूप माठ भरून ठेवला.

एक बुढी म्हणे, नवऱ्याचं नाव नको, माही म्हैस काढ. "तो वर गेल्यावर भेटतेच, सुटका नाही. म्हैस ओळखली पाहिजे मले." काढली. शिंगं नीट वळवली. खूश होऊन गेली.

चंदा बायांचे हात ताणून धरते. चांगलं धरते.

४ फेब्रुवारी, रविवार

आज झालं ते लिहून ठेवते.

सकाळी शेजारचा इस्माईल मिस्त्री बॅटरीवर चालणारी सुई बनवून घेऊन आला. सायकलच्या दुकानात विजेच्या घंटीपासून बनवली. "खाला, हाथ को आराम." भुंग्यासारखी वाजे. वांग्यावर लावली, वांगं फाटलं. मिस्त्री म्हणे, "वांगा कच्चा था." मी म्हटलं, "वांग्याले नावं नको ठेवू बाबा, बाई असती तर तुह्या मागं धावली असती."

दुपारी झरीकडची एक कोलामाची पोर बसली. इकडं मजुरीले आली आहे, जग बुडालं तर मायले ओळख पटावी म्हणून मायसारखी तुळस पाहिजे. अर्धी तुळस झाली अन् माहा अंगठा आखडला. वळेच ना. सुई हातातून पडली. अर्धं गोंदण ठेवून बाईले उठवता येत नाही, अपशकुन धरतात. बाया कुजबुजल्या.

चंदानं सुई उचलली. मले वाटलं तुळशीले हात घालते. नाही. माहा डावा हात आपल्या मांडीवर ओढला, कोपराखालची जागा पुसली, कोळशानं रेघ मारली अन् टोचू लागली. कोणाले विचारलं नाही. मलेही नाही. मी हात काढला नाही.

मोर काढला. सगळ्या बायांच्या देखत. हात एकदाही कापला नाही. दुखलं, लय दुखलं, म्हातारं कातडं सुई धरून ठेवते. पाय पुन्हा कोंबडीचे.

मग पोट्टी तुळशीकडं वळली. तर ती पोर मागं सरकली. "तुह्या हातावर गोंदण कुठी आहे?"

चंदानं बाही वर केली अन् हात माह्यापुढं धरला. "दे आजी. आत्ता."

मी दिलं नाही.

सगळ्या माह्याकडं पाहून राह्यल्या. चंदाचं तोंड लाल. मी म्हटलं, "उद्या जग बुडणार म्हणून माणूस काहीही मागते. नाही बुडलं तर? हे धुतलं जात नाही. पाच तारीख जाऊ दे, मग माग."

अंगठा गरम तेलात चोळला अन् तुळस मीच पुरी केली. वेळ लागला. वाकडी झाली नाही.

कौ. दारातून पाहत होती. संध्याकाळी तिनंच माह्या मोरावर हळद लावली.

६ फेब्रुवारी

जग आहे. शेळी आहे, गवळ्याचं पाणी घातलेलं दूधही आहे. म्हैसवाली बुढी येऊन गेली, म्हणे आता नवरा रोज म्हैस पाहून जळते. दोघीही बहुत हसलो.

चंदानं काही मागितलं नाही. मी काही विचारलं नाही.

८ फेब्रुवारी, चतुर्थी. कळंब

आली. एकटी, एस्टीनं. नामदेवाले सांगितलं, अडवायचं तर मोटारीपुढं आडवा हो. झाला नाही.

चिंतामणीचं दर्शन घेऊन पोतं अंथरलं, नेहमीच्या जागी. समोर मशीननं गोंदणारा, मूर्तिजापूरकडचा. त्याचं भिरभिर चालू, गर्दी त्याच्याकडं. माह्याकडं जुन्या बाया.

दुपारी पाहते तर नामदेव. "घ्याले आलो. संग बसाले नाही." मग त्याची नजर मशीनवाल्याच्या पाटीवर गेली. उभाच राह्यला. "माय, ती वेल कोणी काढली? पानं उलटी लावली." मी म्हटलं, "तुले काय करायचं?" तो पुन्हा पाहे, पुन्हा तोंड वाकडं करे. राहवलं नाही त्याले. खिशातून कुंची काढली, पोत्यावर बसला अन् एका बाईले म्हणाला, "ताई, नाव सांगा." तिच्या हातावर रंगाच्या पाण्यानं नाव लिहिलं. असं वळणदार की ती बाई पाहतच राह्यली. त्याच रेघेवर मी टोचलं. मग दुसरी आली, तिसरी आली. मशीनवाल्याची गर्दी निम्मी आमच्याकडं.

येताना मोटारीत म्हणाला, "हे नागपूरवाल्यांपाशी काढू नको."

"मी नाही काढत. तुह्या बोटाले काळं लागलं आहे तेवढं घासून टाक."

११ फेब्रुवारी

नागपूरवाले आले. आत्या, पोरगा, मध्यस्थ. पोरगा गरीब दिसला, पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढून शेवटी खाल्ले. आत्यानं चंदाचे हात उलटेपालटे करून पाहिले. बैलाचे दात पाहतात तसे. "स्वच्छ आहेत," म्हणाली.

माहा पदर सरकला. खपल्या निघून मोर ताजा दिसत होता. आत्या म्हणे, "अगंबाई, या वयात?" कौ.नं खाली पाहिलं. नामदेव भिंतीवरच्या त्यानंच चितारलेल्या कॅलेंडरकडं पाहून राह्यला.

आत्या चंदाले विचारते, "तुला काय काय येतं गं?"

"सैपाक येते. शिवण येते. बाबांच्या पाट्यांचं रंगकाम येते." थांबली. "अन् गोंदता येते. आजीच्या हातावरचा मोर माहा आहे."

आत्यानं बशी खाली ठेवली. पोरगा मात्र वाकून मोर पाहाले लागला. म्हणाला, "पाय असे का?"

चंदा म्हणे, "चुकले."

खोटं बोलली नाही. दोनदा विचारलं, दोनदा खरं बोलली. माहं नाव कोणी घेतलं नव्हतं, तरी मले वाटलं की... जाऊ दे.

१६ फेब्रुवारी

मध्यस्थ आला. पोराले पोरगी पसंत. आत्याची अट, हात आहे तसा कोरा राहील, सुईले पुन्हा शिवायचं नाही, अन् आजीनं जत्रेत बसणं सोडायचं. होळीपर्यंत कळवा.

नामदेव म्हणे, "मी हो सांगतो." कौ.नं भाकरी तव्यावर टाकली अन् पाठमोरीच बोलली, "पोरीले विचारा. मले विचारलं नव्हतं."

एवढी वर्षं एका चुलीवर काढली, नवऱ्याले असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. भाकरी करपली. खाल्ली तशीच.

२५ फेब्रुवारी

या आठवड्यात मत देऊन आली. बाबूनं बोटाले शाई लावली, म्हणे नवीन आहे आजी, निघत नाही ही. मी बाही वर केली. "निघत नाही म्हणतात ते हे." रांगेतल्या बाया हसल्या. बाबूही हसला. आज पाहते तर त्याची शाई नखापाशी फिकी पडून राह्यली.

नामदेवानं चंदाले शेवटी विचारलं. अंगणात पाटी रंगवत होता, मान वर न करता. "चंदे, काय सांगू त्यांले?" चंदा म्हणे, "उद्या सांगते." तो म्हणाला बरं. मग पुन्हा हाक मारून तिले पाटीवर मोराचे पाय काढून दाखवले. बोटं कशी, मागचं नख कसं. कशासाठी दाखवले ते त्याले विचारलं नाही. चितारी माणूस, चुकलेले पाय त्याले झोपू देत नसतील.

आता चंदा तिळाच्या तेलाचा दिवा लावून काजळ धरून बसली आहे. ते तिचं रोजचंच काम, त्यावरून काही समजत नाही. तोंडावरूनही समजत नाही. माह्यावर गेली.

सुया उकळून ठेवल्या. उद्या उजेड आला की ओसरीवर बसते, डबा उघडा ठेवून. तिनं हात पुढं केला तर भरीन. पाय मोराचे काढीन. नाही केला तर कोरा हात नागपूरले जाईल, माही हरकत नाही. पण कळंबले पुढल्या चतुर्थीले मी पोतं अंथरणार, तेवढं त्या आत्याले आजच कळवून टाक म्हटलं नामदेवाले.