शिंकेचा जबाब

अब्बा, तुमचा भाऊ अजून शिंकतो. तेवढं एकच काम त्यानं आयुष्यात प्रामाणिकपणे केलं. शिंकतो, मोठ्यानं 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो आणि भिंतीपलीकडे वाट बघत बसतो. ऐकणाऱ्यानं 'यरहमुकल्लाह' म्हणायचं असतं, अल्लाह तुझ्यावर रहम करो. पण चाची केव्हाच गेली, पोरं नवीन जालन्यात बियाण्यांच्या धंद्यात. ऐकणारी उरले मी, बँकेतून रिटायर होऊन तुमच्या घरात परत आलेली. आणि मी म्हणत नाही.

त्याची पोरं मोबाइलवर मात्र दुआंचा पाऊस पाडतात. कुणाच्या केकला माशाअल्लाह, कुणाच्या नव्या गाडीला बारकल्लाह, हिरव्या फुलांच्या चित्राला जज़ाकल्लाह. फुकटचं वाटायला हात नेहमीच सैल. बापाचा खोकला वाढलाय, डॉक्टरकडे न्या, असं मी एकदा ग्रुपवर लिहिलं. थोरल्यानं 'इन्शाअल्लाह' लिहिलं, खाली गुलाब. अल्लाहची मर्जी तर पुढची गोष्ट, याची स्वतःची मर्जी अजून जालन्यातून निघालेली नाही.

खाण तशी माती. तुमचा भाऊ दरवर्षी नांगरताना बांध कोरत आला आणि एका वर्षी आपल्या मोसंबीची अख्खी ओळ त्याच्या रानात उभी. त्या दिवसांतली एक सकाळ मला अजून दिसते. अम्मी भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपुढे जेवताय, धुरानं तुम्हाला शिंक येते. अल्हम्दुलिल्लाह. आणि भिंतीपलीकडून लगेच, गोड आवाजात, यरहमुकल्लाह! आमची झाडं गिळून आमच्यावरच रहम मागतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्याला म्हणा, आधी झाडं दे वापस," मी ओरडले.

तुम्ही घास ताटात ठेवलात. "बांधाचं बांधावर बघू. शिंकंचा जबाब माणसाचा हक्क असतो. एकात एक कालवू नको."

"पण तो चोर हाय, अब्बा."

"हाय ना. मी कुठं न्हाई म्हणलं?"

आणि भिंतीकडे तोंड करून तुम्ही रिवाजाप्रमाणे त्याला परतीची दुआ दिलीत, 'यहदीकुमुल्लाह', अल्लाह तुम्हाला सरळ वाट दाखवो. मग मुकाट्यानं जेवलात. बांधावर तर तुम्ही कधी गेलाच नाहीत. तुम्ही जाईपर्यंत तुम्ही दोघं भाऊ शिंकेपलीकडे एक अक्षर बोलला नाहीत. लोक म्हणायचे, काय सब्र आहे तुझ्या अब्बांचा. मला तो बुळेपणा वाटला. अजूनही वाटतो, अब्बा. ज्याला भांडता येत नाही त्याला दुआ सोयीची पडते.

आज सकाळी भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. खोकला नाही, बादलीचा आवाज नाही, शिंक नाही. बरं झालं, म्हटलं, सुटली कटकट. अंगण झाडलं, परत एकदा झाडलं. हाक मारायची तर त्याला चाचा म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडातून येईना. शेवटी भिंतीकडची खिडकी सताड उघडली आणि तापल्या तव्यावर मूठभर मिरच्या टाकल्या. खकाणा उठला, माझेच डोळे आधी वाहायला लागले.

मग पलीकडून शिंक आली. बारीक, म्हाताऱ्या बोकडासारखी. आणि पाठोपाठ, दम खात खात, अल्हम्दुलिल्लाह.

"यरहमुकल्लाह," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, त्याला ऐकू कमी येतं.

तो आधी खोकला. मग म्हणाला, "यहदीकुमुल्लाह, बेटा."

सरळ वाट! मला! आणि कोण दाखवतंय, तर बांध कोरणारा! मी खिडकी धाडकन लावून घेतली. माझ्या मनातून तो उतरला तो उतरलाच, आणि झाडांची गोष्ट मी विसरणारही नाही, हे तुम्ही नीट ऐकून ठेवा.

हा कागद कबरस्तानात आणून ठेवण्याइतकी खुळी मी नाही. फाडून टाकीन. फक्त एक सांगते, अब्बा. कालची भाजी तशीच होती. त्या मिरच्यांचं मला काहीच करायचं नव्हतं.