तेराव्याचे आमंत्रण

बडोदे, २३ जानेवारी १९७४

ती. लक्ष्मीकांतदादांस,
मंदाकिनीचा सा. न. वि. वि.

ह्यांचे तेरावे उरकून तुम्ही पुण्याला गेलात, त्याला पाच दिवस झाले. घर फार मोठे वाटते.

सोमवारी महागाईच्या मोर्चात मुलांनी एका पुढाऱ्याची प्रेतयात्रा काढली. पुतळा गवताचा, तिरडी मात्र खरी. डोके भादरलेला एकटा आपला आनंद, म्हणून मडके त्याच्या हाती दिले. खंडेराव मार्केटपाशी ओट्यावर चढून तो म्हणाला की बापाचे केले तसे याचेही करू; दोन तारखेला, शनिवारी तेरावे, याच्याच बंगल्यावर, सगळ्यांनी यावे. लोक खूप हसले म्हणे. शेजारच्या विमलताई मला म्हणाल्या, मडके धरायची चांगली सवय झाली हो तुमच्या लेकाला. मी आत निघून आले.

दादा, एवढ्या बोलण्यावर त्याला धरतील का?

तुमची माया या घरावर अशीच राहू द्यावी.
मंदा

पुणे, २७ जानेवारी

चि. मंदास,
अ. उ. आ.

‘सौ.’ लिहायला हात गेला आणि थांबला.

आनंदला म्हणावे, पिंडाच्या कावळ्याला भिणारा तू, पुढाऱ्याचे तेरावे कसले घालतोस! पुढाऱ्याची टर उडवणे गुन्हा नाही. तेवढ्यासाठी मी त्याचा वकील म्हणून कुठल्याही कोर्टात उभा राहीन. पण लोकांना दंगलीला उठवणे गुन्हा आहे, आणि या पठ्ठ्याने दिवसही सांगितला, घरही दाखवले. त्या दिवशी तिथे कुणी आग लावली, तर लोक हसले होते हे कोर्ट विचारणार नाही. आमंत्रण तेवढे वाचेल. त्याने ते चारचौघांत मागे घ्यावे, आणि शनिवारी घराबाहेर पडू नये.

जेवत जा. माझे आशीर्वाद आहेतच.
दादा

बडोदे, २ फेब्रुवारी, शनिवार

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र गुरुवारी पोचले. आनंदने दोनदा वाचले. काल तो मागे घ्यायला गेला, तर मुलांनी बोलूच दिले नाही. मार्केटजवळच्या भिंतीवर गेरूने लिहिले होते, शनिवारे तेरमुं, बधाए आववुं, म्हणजे सगळ्यांनी यावे. अक्षर त्याचे नव्हते, शब्द त्याचेच. संध्याकाळी एक पोलीस शिपाई येऊन गेला. नाव त्याला ठाऊक नव्हते. भादरलेल्या पोराचे घर विचारत होता.

आज जमावबंदी आहे. विमलताईंनी माणसे घासलेटचे डबे घेऊन जाताना पाहिली. त्या आज माझ्याजवळच बसून राहिल्या.

मी दाराला कुलूप घातले होते. आनंद म्हणाला, आई, बोलावले मी, तर परतही मीच पाठवायला हवे. मी कुलूप काढले. डोके झाकायला ह्यांची काळी टोपी दिली. ती त्याने पुन्हा खुंटीला लावली. झाकले तर ओळखणार कोण, आणि ऐकणार कोण, म्हणाला, आणि तसाच उघड्या डोक्याने बंगल्याकडे गेला.

आता तीन वाजले. टोपी खुंटीलाच आहे.

लोभ आहे, म्हणून सांगते. उत्तर लिहू नका, मिळेल त्या गाडीने या.
मंदा