घरात माणसं किती?

एडिनबरा

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. रोज वरणभात करते, दोन स्वेटर घालते. बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

जनगणनेच्या बाई आल्या तेव्हा तू ‘घरात तिघं’ सांगितलंस, असं बाबा फोनवर म्हणाले. अगं, तुझ्या मुलीची नोकरीच माणसं मोजायची आहे! माणूस राहतो तिथेच मोजायचा असतो. इथे स्कॉटलंडमध्ये जन्म कमी आणि मृत्यू जास्त झालेत. लोकसंख्या वाढते ती बाहेरून येणाऱ्यांमुळे, म्हणजे माझ्यासारख्यांमुळे. मी इथल्या तक्त्यात आहे, मग तुझ्याकडेही कशी?

चूक दुरुस्त करून घे, असं लिहायलाच बसले होते. तेवढ्यात पोस्टाने माझाच घरनोंदणीचा फॉर्म कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, परत आला. ‘घरात राहणारी माणसं’ या रकान्यात मी तीन लिहिलं होतं. बाबा, तू, मी. कधी लिहिलं, आठवतही नाही.

त्यांनी विचारलंय, बाकीची दोघं कुठे आहेत?

आई, काय लिहू गं?

तुझी,
अक्षया