चिठ्ठीवर नाव नव्हतं

नाशिक,
१४ सप्टेंबर २०२५

चि. धनराज यास अनेक आशीर्वाद. ललितालाही सांग.

तुझ्या टेम्पोबरोबर पाठवलेलं पाकीट आणि घेवडा तीन तारखेला मिळाला. घेवडा कोवळा होता, दोन दिवस पुरला. कागद वाचला. आप्पांच्या जमिनीतला माझा निम्मा हिस्सा मी राजीखुशीने तुला सोडते, असं तुझ्या अश्विनने नीटनेटकं टाइप केलं आहे. माझं वय मात्र दोन वर्षांनी कमी घातलं आहे, मुलाला हिशेब यायला हवा. पंचवीस तारखेला सहीसाठी निफाडच्या नोंदणी कार्यालयात ये, असं तू लिहिलंस. त्याबद्दल खाली लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. द्राक्षांची छाटणी कधी धरली आहेस?

आता मंडळातलं. सोमवारी फोनवर अर्धंच ऐकलंस, उरलेलं वाच.

सहा तारखेला आमच्या महिला अभ्यास मंडळात वैष्णवी नावाच्या तरुण वकील मुलीचं व्याख्यान होतं. विषय, कायद्यापुढे स्त्रीपुरुष समानता. चाळीसेक बायका होत्या. आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, खाली नाव घालायचं नाही. हा नियम अकरा वर्षांपूर्वी मीच केला. नाव दिसलं की लोक प्रश्न सोडून माणूस तोलतात, हे मी शाळेत जन्मभर बघितलं होतं.

तिसरी चिठ्ठी अशी होती: 'वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा, असा कायदा झाला. इथे बसलेल्या किती जणींनी तो घेतला? ज्यांनी भावाला लिहून दिला, त्यांनी का दिला?'

एकजण पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, एकीने चष्मा पुसायला घेतला. वैष्णवी मात्र खूश झाली आणि माइककडे सरकली. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, हे लिहिलंय कोणी? आणि नाव सांगितलं गेलं. ताहेराचं.

ताहेरा तुला माहीत आहे. बावीस वर्षं ती आमच्या शाळेत भूगोल शिकवायची, मी गणित. आप्पांच्या दहाव्याला ती एकटी एसटीने पिंपळगावला आली होती.

नाव कळलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मीना आमची सचिव. ती म्हणाली, "आधी माणसाने आपल्या घरात बघावं. तुमच्यात तर पोरीला निम्मंच देतात ना हो?" हशा झाला.

ताहेरा उभी राहिली. "बरोबर आहे मीनाताई. निम्मंच देतात. ते कमी आहे असं मी आमच्यातही बोलते आणि शिव्या खाते. मालेगावच्या घरातलं माझं ते निम्मं मी मुझफ्फरभाईकडून भांडून घेतलं. तुम्हाला पूर्ण मिळतंय. तुम्ही घेतलंत का, एवढंच विचारलंय."

त्यावर व्यासपीठावरून सांगण्यात आलं की हा प्रश्न ताहेराताईंनी त्यांच्या समाजाच्या सभेत विचारावा, इथे तो गैरलागू आहे. पुढची चिठ्ठी घेतली गेली. ताहेराने पिशवी उचलली आणि आवाज न करता निघून गेली. आम्ही सामोसे खाल्ले, आभार मानले आणि समानतेवर छान चर्चा झाली असं एकमेकींना सांगत घरी गेलो.

धनराज, माझा अजून संताप होतो. प्रश्न खरा आहे की खोटा, एवढंच बघायचं होतं. फळ्यावरची माझी चूक एखाद्या मुलाने दाखवली तर आधी त्याचं आडनाव विचारायचं आणि मग डस्टर उचलायचं का? समानतेच्या सभेत समानतेवरचा प्रश्न, विचारणारी मुसलमान आहे म्हणून परत पाठवला. तिने उत्तर दिलं तेही कोणाला ऐकू आलं नाही. आणि हे सगळ्या शिकलेल्या बायकांनी केलं, पेन्शन घेणाऱ्या.

तूही तेच केलंस. मी फोनवर सांगायला लागले तर म्हणालास, "आक्का, त्या लोकांना आपल्या घरच्या गोष्टींशी काय करायचंय?" प्रश्न काय होता ते विचारलंसुद्धा नाहीस. त्या लोकांना! बावीस वर्षं ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आहे.

मीनावर आणि तुझ्यावर चिडणं सोपं आहे. वर मी दोन ठिकाणी लपले आहे, ते आता लिहिते. नाव मी सांगितलं. इतकी वर्षं एकत्र पेपर तपासले, तिचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. 'ताहेराताईंचा दिसतोय,' असं मी माइकवर म्हणाले. आणि व्यासपीठावर वैष्णवीखेरीज एकटी मीच बसले होते, अध्यक्ष म्हणून. तिच्या समाजात विचारा, हे मीच म्हणाले. माझा नियम मी मोडला.

कारण सांगते. तुझा कागद त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होता. येताना त्याची झेरॉक्स काढायची होती. चिठ्ठी वाचताना मला वाटलं, हिने माझी पर्स उघडून बघितली. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. मला उत्तर द्यायचं नव्हतं आणि तिचं नाव हाताशी होतं. ते मी पुढे केलं.

गुरुवारी वडाळा रोडला तिच्या घरी गेले. तिच्या सुनेने, कौसरने चहा दिला. गुडघा दुखत असताना जिने चढते म्हणून ताहेरा मला रागावली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या मंगलाताई. प्रश्न चुकीचा होता का?"

नाही म्हटलं.

"मग तुमचं उत्तर?"

चहा अर्धा टाकून उठले. मंडळाचा राजीनामा तिने तेव्हाच माझ्या हातात दिला.

तीन दिवस त्या उत्तराशी झगडते आहे. आप्पांनी मला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं, पंचक्रोशीत पहिली. पण जमिनीबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. सही केली की माहेर राहतं, हिस्सा मागितला की तुटतं, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. बायका सही करतात, भावाकडे जेवतात आणि साडी घेऊन घरी येतात. ललिताने माझ्यासाठी येवल्याहून पैठणी आणून ठेवली आहे असं कळलं. ती तिनेच नेसावी.

राजीखुशीने हा शब्द खोटा आहे. तुम्ही मला परकं कराल ही भीती होती, बाकी काही नाही.

तेव्हा मी पंचवीस तारखेला येणार नाही. बाग तूच कस, पीक तुझंच. सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर माझंही नाव लागेल. माझ्या हिश्श्याचं पुढे काय करायचं ते मी ठरवेन.

येत्या शनिवारी मंडळाची जादा सभा बोलावली आहे. तीच चिठ्ठी पुन्हा वाचणार, मी काय केलं ते सांगणार आणि पहिलं उत्तर माझं देणार. ताहेराला निरोप धाडला आहे. तिने हो म्हटलेलं नाही. ती आली नाही तरी वाचणार. मीनाला आवडलं नाही तर तिने दुसरी अध्यक्ष शोधावी.

तू रागावशील, ललिता बोलणार नाही, हे धरून चालले आहे. भाऊबीजेला मी नेहमीसारखी येईन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुला माझी सही हवी होती. सध्या एवढीच मिळेल.

तुझी आक्का,
मंगला रावजी गायखे