वेरूळ, दौलताबाद आणि कमरबाईंचं गाणं

जुना जालना,
पौष, शके १८५७

चि. सोनूस आशीर्वाद,

लहानपणी ग्रामोफोनच्या भोंग्यात तोंड घालून तू कमरबाईंच्या ताना घ्यायचीस. तो घुमता आवाज शाळेतल्या कवितेसारखा मला अजून पाठ आहे.

उद्यासाठी इस्माईलची मोटार ठरवली आहे. आधी दौलताबादचा किल्ला, मग वेरूळची लेणी आणि संध्याकाळी औरंगाबादेत खुद्द कमरबाईंचं गाणं. "आबा, एकदा तरी समोर बसून ऐकायचंय," असं तू नागपंचमीला म्हणाली होतीस. पण तुझ्या सासरी आलेला कागद सासूबाई सगळ्यांसमोर वाचून घेतात. मागं मी विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बाईमाणसानं गाण्याला जायचं? जात्यावर म्हणतेच की!" तेव्हा हे पत्र टपालात पडणार नाही. एकटाच जाऊन येईन.

दार वाजलं म्हणून उठलो, तर गाठोडं घेऊन तुझ्या सासूबाईच दारात! म्हणाल्या, "इवाई, इस्माईलनं आमच्या जाफराबादच्या बाजारात समदं सांगितलं. मला विचारलं बी न्हाई? मंग मीच आले पोरीला घेऊन. अन् मोटारीत मी पुढं बसणार. मागं मळमळतंय मला."

त्यांच्यामागं टांग्यातून तू उतरते आहेस. आता कोणाला लिहू?

तुझे,
आबा